धुराड्याची नोंदवही

अहिल्यानगर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या परिसरात गाळप हंगाम सुरू झाल्याची पहिली वर्दी भोंगा देत नाही, काजळी देते. दोरीवरचे कपडे, पाण्याचा उघडा हौद, लसूणघासाची आणि मेथीची पाने यांच्यावर काळी, हलकी भुकटी बसू लागली की गावकऱ्यांनी ओळखावे, बॉयलर पेटला. या भुकटीची तक्रार होत नाही असे नाही. ती ग्रामसभेत होते, चहाच्या टपरीवर होते. कारखान्याच्या वार्षिक सभेत एखादा धीट सभासदही ती करतो, आणि यंत्रणा बसवण्याचे काम प्रगतिपथावर असल्याचे उत्तर मिळून पुढचा विषय पुकारला जातो. मात्र ज्या सरकारी कार्यालयात या धुराची मोजमापे, त्यावरच्या अटी आणि त्या मोडल्याबद्दलच्या नोटिसा कागदावर उतरलेल्या असतात, तेथे जाऊन ते कागद मागावेत असे सहसा कोणाला सुचत नाही. डाव्या आणि समाजवादी पक्षांच्या कार्यकर्त्यांनाही ते सुचू नये, ही गोष्ट अधिक खटकणारी आहे.

हे कार्यालय महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे. १९७० साली स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईत शीव येथे, प्रादेशिक कार्यालय नाशिकला आणि उपप्रादेशिक कार्यालय नगर शहरात आहे. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी लोकांच्या बोलण्यात ‘नगर’ टिकून आहे.) १९८१च्या हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाच्या २१व्या कलमानुसार मंडळाच्या संमतीवाचून असा कारखाना उभारता किंवा चालवता येत नाही. त्याच अधिनियमात ५१वे कलम आहे आणि ते फारच थोड्या लोकांनी वाचलेले असावे. मंडळाने एक नोंदवही ठेवली पाहिजे. तीत कोणाकोणाला संमती दिली, प्रत्येकाला धुरासाठी कोणती मर्यादा घालून दिली, याचा तपशील असला पाहिजे. आणि त्या मर्यादेशी ज्याचा संबंध आहे किंवा तिची झळ ज्याला लागते अशा कोणाही माणसास, अगर त्याने अधिकार दिलेल्या दुसऱ्या कोणासही, ती वाजवी वेळेत पाहावयास खुली असली पाहिजे, असे हे कलम सांगते. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५चा आहे. त्याच्या चोवीस वर्षे आधीपासून हा अधिकार कायद्याच्या पुस्तकात पडून आहे. त्यासाठी दहा रुपयांचे मुद्रांक तिकीट लागत नाही आणि तीस दिवसांची वाटही पाहावी लागत नाही. कार्यालयात जावयाचे आणि वही उघडून पाहावयाची, एवढेच कायद्याला अभिप्रेत आहे. १९७४च्या जल अधिनियमाच्या २५व्या कलमातही सांडपाण्याच्या संमतीसाठी अशीच नोंदवही सांगितली आहे.

कागद मागणे हे आंदोलनाचे काम नव्हे, ते वकिलांचे किंवा शहरी पर्यावरणवाद्यांचे काम, असा एक समज कार्यकर्त्यांत आहे. या समजाला महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीचाच इतिहास खोटे ठरवतो. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांच्या लढ्यातला निम्मा लढा हजेरीपटाचा होता. किती दिवस भरले, किती घनफूट काम मोजले, मजुरी कोणत्या दराने लावली, हे हजेरीपट आणि मोजमापपुस्तक वाचल्यावाचून कळत नव्हते. आणि ते वाचावयास शिकलेल्या कार्यकर्त्याला मुकादम व ओव्हरसिअर दोघेही वचकून असत. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा त्याची खरी राखण त्याच कार्यकर्त्यांनी केली. राजस्थानात १९९०च्या दशकात मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनावण्या घेतल्या, त्याही हजेरीपटांवरूनच सुरू झाल्या. १९९६ साली ब्यावर येथे धरणे धरून तिने माहितीच्या अधिकाराची मागणी देशासमोर आणली. पोटाच्या प्रश्नातून निघालेला हा अधिकार कालांतराने सुशिक्षितांच्या हाती अर्ज लिहिण्याचे साधन होऊन राहिला असेल, तर दोष अधिकाराचा नाही.

या अधिकाराच्या घटनात्मक वाटचालीतही एका समाजवाद्याचे नाव आहे. राजनारायण यांनी इंदिरा गांधींच्या निवडणुकीविरुद्ध केलेल्या अर्जात पंतप्रधानांच्या दौऱ्यांच्या बंदोबस्ताविषयीचे गोपनीय पुस्तक न्यायालयापुढे मागितले होते. उत्तर प्रदेश सरकारने गुप्ततेचा विशेषाधिकार सांगितला. जानेवारी १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील मान्य केले हे खरे. परंतु त्याच निकालात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी, लोकांच्या नोकरांनी सार्वजनिक रीतीने केलेले प्रत्येक कृत्य जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे, असा अभिप्राय नोंदवून ठेवला आणि पुढच्या पन्नास वर्षांत तो निकालातल्या हारजितीपेक्षा अधिक उपयोगी पडला. महाराष्ट्रात १९८६ साली बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने पुणे कँटोन्मेंट बोर्डाकडे बांधकाम परवानग्यांचे कागद पाहावयास मागितले, बोर्डाने नाकारले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ते दाखवण्यास सांगितले. पुढे नगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी या प्रश्नावर राज्यभर लोकमत जागे केले. राज्याचा २०००चा कायदा पांगळा होता. तो जाऊन २००२चा आला आणि ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर हजारे यांचे उपोषण चालू असताना त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. हजारे यांच्या इतर अनेक भूमिकांविषयी समाजवाद्यांचे तीव्र मतभेद आहेत व राहतील; या एका कामाचे श्रेय मात्र त्यांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे. ज्या जिल्ह्यातून ही चळवळ उभी राहिली, त्याच जिल्ह्यात धुराड्यांच्या नोंदी धूळ खात पडाव्यात, ही विसंगती तर आहेच.

नगर जिल्ह्याची अडचण निराळी आहे, आणि तिचे नाव सहकार. आशियातील पहिला म्हणून गौरवला जाणारा सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात, लोणी-प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी उभा केला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते. गाडगीळ ज्या परंपरेतले होते, तीत मत देण्याआधी पाहणी करावयाची, मोजावयाचे, आकडे सर्वांसमोर ठेवावयाचे, ही शिस्त होती. त्या शिस्तीत वाढलेल्या सहकाराने आपल्या धुराड्यातून काय बाहेर पडते हे सभासदांपासून झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये केरळातील थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात निकाल दिला की, सरकारचे भरीव अर्थसाहाय्य किंवा भरीव नियंत्रण असल्याचे दाखवता आल्यावाचून सहकारी संस्था ही माहिती अधिकार कायद्याखालची सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. तेव्हापासून ‘आम्हाला हा कायदा लागू नाही’ हे वाक्य सहकारी संस्थांच्या कार्यालयांतून सहज फेकले जाते. सहकारी संस्था अधिनियमाच्या ३२व्या कलमाखाली सभासदाला काही दप्तर पाहता येते, पण ते ताळेबंदाचे आणि त्याच्या स्वतःच्या व्यवहाराचे; बॉयलरचे नव्हे.

येथे बहुतेकजण थांबतात, आणि नेमके येथेच थांबावयाचे नसते. त्याच निकालात आणि कायद्याच्या दुसऱ्या कलमातील ‘माहिती’च्या व्याख्येत एक दार उघडे ठेवलेले आहे. एखाद्या खाजगी संस्थेविषयीची जी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाला दुसऱ्या एखाद्या कायद्यान्वये मिळवता येते, ती माहिती त्या प्राधिकरणाकडून नागरिकालाही मागता येते. हवा अधिनियमाने मंडळाला कारखान्यात शिरण्याचा, माहिती मागवण्याचा आणि धुराचा नमुना घेण्याचा अधिकार दिलेला आहे. म्हणजे कारखाना सहकारी असो की खाजगी, त्याच्या दारात जाऊन अपमान करून घेण्याची गरज नाही. अर्ज मंडळाकडे करावयाचा. मंडळ हे निर्विवाद सार्वजनिक प्राधिकरण आहे, आणि कोणाकोणाला परवाने व संमत्या दिल्या याचा तपशील मागण्याआधीच आपण होऊन प्रसिद्ध करणे चौथ्या कलमाने त्याच्यावर बंधनकारक केले आहे.

मागावयाचे काय, हा खरा मुद्दा. ‘अमुक कारखान्याच्या प्रदूषणाबाबत सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज हा उत्तर न मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती होऊन अर्ज १५० शब्दांत व एकाच विषयापुरता असावा असे बंधन आले. ते बंधन जाचक आहे. पण त्यामुळे कागदाचे नेमके नाव घेण्याची सवय लागते. पहिला कागद संमतिपत्राचा, त्याच्या अटींसह. बगॅसवर चालणाऱ्या साखर कारखान्यांच्या धुराड्यासाठी केंद्राने २०१६ साली ठरवलेली कणांची मर्यादा दर घनमीटरमागे १५० मिलिग्रॅम आहे. संमतिपत्रात कोणता आकडा आहे, धुराड्याची उंची किती सांगितली आहे, राख धरण्यासाठी कोणती यंत्रणा सक्तीची केली आहे, हे तेथे समजते. पाच हजार टन ऊस रोज गाळणाऱ्या कारखान्यात चौदाशे टनांच्या आसपास बगॅस निघतो आणि त्यातला मोठा भाग बॉयलरमध्ये जातो. तेव्हा राख धरणारी यंत्रणा चालू असणे आणि नसणे यांतला फरक पंचक्रोशीच्या छपरांवर दिसणारच. मंडळाच्या संमतिपत्रांत सामान्यतः आणखी एक अट असते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेसाठी वेगळा वीजमीटर बसवावा, अशी ती अट. रात्री धूर अधिक काळा होतो, यंत्रणा बंद ठेवतात, अशी कुजबुज ज्या गावात असेल तेथे त्या मीटरच्या नोंदी मागाव्यात. यंत्र चालले की वीज लागते. यापलीकडे तांत्रिक ज्ञान त्यासाठी लागत नाही.

दुसरा कागद त्याहून मोलाचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषक अशा सतरा वर्गांतील उद्योगांना धूर व सांडपाणी यांचे अखंड मोजमाप करणारी यंत्रे बसवून त्यांची नोंद थेट मंडळांच्या संगणकावर पाठवण्याचा आदेश दिला. साखर कारखाने आणि मद्यार्क निर्मितीचे प्रकल्प या सतरा वर्गांत येतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये पर्यावरण सुरक्षा समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मोजमापे लोकांना पाहता येतील अशा रीतीने प्रदर्शित करण्यास राज्यांच्या मंडळांना सांगितले. अर्थात ही नोंद मागताना ‘हंगामातील अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, दर पंधरा मिनिटांच्या सरासरीने, यंत्र बंद असल्याच्या वेळांसह’ असे लिहिले पाहिजे. शेवटचे चार शब्द महत्त्वाचे आहेत. महिन्याच्या सरासरीत रात्र बुडून जाते आणि बंद यंत्राची शून्ये स्वच्छ हवेची म्हणून खपतात.

बाकीचे कागद थोडक्यात सांगता येतील: मंडळाच्या अधिकाऱ्यांचे पाहणी अहवाल, दिलेल्या नोटिसा व निर्देश, घेतलेल्या बँक हमीची रक्कम व ती जप्त झाली की परत गेली याची नोंद, आणि दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रत्येक संमतिधारकाने भरावयाचे पर्यावरण विवरणपत्र. यांतल्या बँक हमीच्या नोंदीवरून मंडळ खरोखर नियंत्रण करते की केवळ पत्रव्यवहार, याचा अंदाज येतो. प्रतींसाठी पानामागे दोन रुपये मोजण्याऐवजी फाईलच पाहावयास मागावी हे बरे. कायद्याच्या दुसऱ्या कलमात पाहण्याचा आणि टिपणे घेण्याचा हक्कही आहे, आणि फाईल चाळताना न मागितलेलेही पुष्कळ दिसते.

तरीही हाती आलेले आकडे मोजले कोणी, हा प्रश्न उरतोच. कारखान्याने नेमलेल्या आणि कारखान्याकडून पैसे घेणाऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल किती विश्वासार्ह? गुजरातेत अहमदाबाद व सुरत परिसरातील कारखान्यांवर २००९-१० मध्ये एक प्रयोग झाला. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे व निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी तो तेथील प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर केला आणि २०१३ साली प्रसिद्ध केला. नेहमीच्या पद्धतीत लेखापरीक्षकाची निवड आणि त्याचे पैसे कारखान्याकडून होत, तेव्हा प्रदूषणाचे आकडे मर्यादेच्या किंचित खाली असे आश्चर्यकारक नेमकेपणाने येत. लेखापरीक्षक चिठ्ठी टाकावी तसा नेमला, त्याचे पैसे मध्यवर्ती निधीतून दिले आणि त्याच्या मोजमापाची फेरतपासणी ठेवली, तेव्हा आकडे खरे येऊ लागले. एवढेच नव्हे तर कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. समाजवाद्यांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. ज्याच्या हाती पैशाची थैली, त्याच्या बाजूला तराजू झुकतो, हे त्यांनी मजुरीच्या आणि उसाच्या वजनकाट्यावरून केव्हाच ओळखले आहे. उसाच्या काट्यावर संशय घेणारा शेतकरी धुराच्या काट्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो. म्हणून प्रत्येक अर्जात नमुना कोणी घेतला, कोणत्या प्रयोगशाळेत तपासला आणि तिचे पैसे कोणी दिले, हे विचारलेच पाहिजे.

मंडळाच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. २०१७ साली याच महाराष्ट्र मंडळाने धुराच्या मोजमापावरून कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन ते जाहीर करण्याचा उपक्रम सुरू केला होता. देशातला तो अशा प्रकारचा पहिलाच. नोंदी लोकांसमोर ठेवणे अशक्य असते, तर हा उपक्रम सुरूच झाला नसता.

शहराची हवा हा याचाच दुसरा भाग. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला आणि सलग पाच वर्षे हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांची यादी केली. महाराष्ट्रातील शेजारचे नाशिक त्यात आहे, पुणे आहे, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर आहे. नगर नाही. नगरची हवा या तिन्ही शहरांपेक्षा निर्मळ आहे, असा त्याचा अर्थ कोणी लावू नये. यादीत येण्यासाठी आधी पाच वर्षांची सलग मोजमापे असावी लागतात. ज्या शहराची मोजदाद अपुरी, ते शहर कागदावर आपोआप स्वच्छ. नागापूर औद्योगिक वसाहत, शहराला छेदून जाणारे महामार्ग, भोवतीचे खडी-क्रशर आणि वीटभट्ट्या यांच्या सान्निध्यात राहणाऱ्यांनी मंडळाला विचारावे: शहरात व औद्योगिक वसाहतींत हवा कोठे, कोणत्या दिवशी, किती तास मोजली? देशाच्या २००९च्या मानकांनुसार सूक्ष्म कणांची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची, वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती ५ सुचवली. नगरचा आकडा या दोहोंमध्ये कोठे बसतो, हे नगरकरांना ठाऊक असावयास हवे.

आता भीतीविषयी. कारण अर्जाचा नमुना माहीत नसणे हे मौनाचे खरे कारण नाही. कारखान्याच्या सावलीत राहणाऱ्या शेतकऱ्याचा ऊस त्याच कारखान्याला जातो. तोडणीचा क्रम पंधरा दिवस पुढे ढकलला तरी उसाचे वजन घटते आणि पुढचे पीक हातचे जाते. मुलगा कारखान्याच्या शाळेत शिकतो, पुतण्या पतपेढीत कारकून असतो, आणि अध्यक्ष हे बहुधा आमदार किंवा आमदाराचे आप्त असतात. अशा माणसाला ‘तू अर्ज कर’ म्हणून पुढे ढकलणे हे कार्यकर्त्याला शोभणारे नाही. माहिती अधिकार कायद्याखाली अर्जदाराला कारण सांगावे लागत नाही आणि तो त्या गावचा असावा लागत नाही. नेवाशाच्या कारखान्याची माहिती पारनेरचा नागरिक मागू शकतो, कोपरगावची जामखेडचा. हवा अधिनियमाच्या नोंदवहीसाठी तर झळ लागलेल्याने दुसऱ्याला अधिकार द्यावा अशी सोय कायद्यानेच केली आहे. तालुका समित्यांनी अर्जांची अशी अदलाबदल ठरवून केली, तर एकट्यादुकट्याला पाडण्याची वेळ येणार नाही. तळेगाव दाभाडे येथे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. एकटा अर्जदार किती असुरक्षित असतो हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले आहे.

पक्षातच एक आक्षेप ऐकू येतो, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. धुराचा प्रश्न उठवला की कारखाना बंद पडेल, कामगार घरी बसतील, आणि सहकार मोडावयास टपलेल्या खाजगी भांडवलाचे फावेल, असा तो आक्षेप. पण धुराचा पहिला घास कोण घेतो? बॉयलरवर तिन्ही पाळ्यांत उभा असलेला कामगार. आणि त्यानंतर गाडीतळावर कोप्या बांधून चार-पाच महिने राहणारी ऊसतोड कुटुंबे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि बीडकडून आलेल्या या कुटुंबांची लेकरे धुराड्याच्या पायथ्याशी खेळतात, तेथेच निजतात. त्या गावात त्यांचे मत नाही, कारखान्यात त्यांचा शेअर नाही, आणि हंगाम संपला की त्यांच्या खोकल्याची नोंद त्यांच्याबरोबरच निघून जाते. के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली आपल्या पुस्तकात खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चाचा हिशेब मांडला. जो खर्च धंद्याच्या वहीत चढत नाही तो कोणाच्या तरी अंगावर चढतोच, आणि तो नेहमी दुबळ्याच्या अंगावर चढतो, हे त्याचे म्हणणे सहकारी उद्योगालाही लागू पडते. राख धरण्याची यंत्रणा चालवण्याचा खर्च उसाच्या किंवा साखरेच्या हिशेबात आला तर तो हजारो सभासदांत व ग्राहकांत वाटला जाईल. आज तो गाडीतळावरच्या फुप्फुसांतून वसूल होतो. कारखाना बंद करा असे कोणी म्हणत नाही. वहीत खर्च मांडा असे म्हणावयाचे आहे. आणि सहकारी कारखाना जर सभासदांचा असेल, तर खाजगीपेक्षा त्याने अधिक उघडे असावे, हीच सहकाराच्या बाजूची भूमिका होय.

या खोकल्याची मोजदादही करता येण्यासारखी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची, म्हणजे सार्वजनिक प्राधिकरणाची. श्वसनविकारांच्या रुग्णांची महिनावार संख्या तेथे मागता येते. केवळ हंगामाचे महिने आणि बिगर-हंगामाचे महिने यांची तुलना करून मात्र निष्कर्ष काढू नये. हंगाम हिवाळ्यात येतो आणि हिवाळ्यात खोकला सर्वत्रच वाढतो. कारखान्यापासून दूरच्या एखाद्या केंद्राचे तेच महिने शेजारी ठेवले म्हणजे हिवाळ्याचा भाग वजा होतो आणि उरलेल्या फरकाविषयी बोलता येते. अर्जात ‘नावे नकोत, संख्या हवी’ असे स्पष्ट लिहावे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमातील वैयक्तिक माहितीचा अपवाद इतका रुंद केला आहे की नाव असलेला प्रत्येक कागद नाकारण्याचा मोह अधिकाऱ्यांना होणार. या दुरुस्तीला देशभरातून झालेला विरोध योग्यच आहे. तोवर संख्येला नाव नसते, एवढे लक्षात ठेवावे. दुसरा ठरलेला नकार व्यापारी गुपिताचा. धुराड्यातून गावावर पडणारी राख हे गुपित कसे, असे पहिल्या अपिलात विचारावे. व्यापक लोकहित असेल तर हा अपवाद टिकत नाही, असे त्याच कलमात लिहिले आहे.

अपिलांचा मार्ग लांबचा आहे हे लपवून उपयोग नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर तो नकार समजून पहिले अपील. तेथेही न मिळाल्यास नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. सतर्क नागरिक संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार महाराष्ट्र आयोगापुढे लाखाहून अधिक अपिले व तक्रारी तुंबलेल्या होत्या, देशात सर्वाधिक. अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे, पण निकाल दोन-तीन हंगाम उलटल्यावर लागला तर त्या दंडाचा धाक तो काय राहणार? आयुक्तांची रिक्त पदे वेळेवर न भरणे हा कायदा न बदलता तो निकामी करण्याचा मार्ग आहे आणि सर्व पक्षांच्या सरकारांनी तो वापरला आहे.

म्हणूनच हवा अधिनियमाच्या ४३व्या कलमाकडेही वळले पाहिजे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला हजारो माणसे वायूने मारली गेली. कारखान्यात काय साठवले आहे हे भोवतीच्या वस्त्यांना ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही नव्हते. त्यानंतर अमेरिकेने १९८६ साली कारखान्यांच्या विषारी द्रव्यांची माहिती भोवतीच्या लोकांना देणारा कायदा केला. आपल्याकडे १९८७ साली हवा अधिनियमात दुरुस्ती होऊन, साठ दिवसांची नोटीस देणाऱ्या कोणाही व्यक्तीला न्यायालयात फिर्याद करण्याची मुभा मिळाली आणि अशा फिर्यादीनंतर आपल्याकडचे संबंधित अहवाल मागणाऱ्यास देण्याचे बंधन मंडळावर आले. लोकहिताला बाधा येईल असे वाटल्यास नाकारण्याची पळवाट मंडळाला ठेवली, हेही खरे. त्यानंतर मात्र प्रवाह उलटा वाहू लागला. २०२१ साली पेट्रोलमधील मिश्रणाकरिता इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यांच्या काही विस्तारांना जनसुनावणीतून सूट मिळाली. २०२३च्या जनविश्वास अधिनियमाने हवा अधिनियमातील अनेक कैदेच्या शिक्षा जाऊन त्यांच्या जागी दंड आले. सुनावणी गेली आणि कैद गेली, तेव्हा लोकांच्या हातात मुख्यतः कागदच उरतो.

या कामाला हंगामाचे वेळापत्रक आहे. गाळप सुरू होण्यापूर्वी, आश्विनात, ५१व्या कलमाखाली नगरच्या कार्यालयात जाऊन प्रत्येक तालुक्यातील कारखान्याच्या मर्यादा टिपून घ्याव्यात. वही दाखवली नाही तर कोणत्या तारखेला, कोणत्या वेळी मागितली आणि काय उत्तर मिळाले हे लेखी नोंदवून त्याची पोच घ्यावी. बॉयलर पेटल्यानंतरच्या पहिल्या महिन्याची अखंड मोजमापे दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागावीत, म्हणजे उत्तर येईल तेव्हा धुराडे चालूच असेल आणि पुन्हा नमुना घ्या अशी मागणी करता येईल. मार्च उजाडल्यावर केलेल्या अर्जाचे उत्तर येईपर्यंत बॉयलर थंड झालेला असतो, कोप्या मोडलेल्या असतात आणि गाडीतळावर फक्त चुलींची राख शिल्लक असते.